रात्रीची लाईट

जूनमध्ये वेळापत्रक लागतं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये खरी चढाओढ असते ती दुपारचा तास चुकवण्याची. ज्येष्ठ मंडळी सकाळचे तास उचलून मोकळी होतात आणि जेवणानंतरचा तास तासिका तत्त्वावरच्या पोरांच्या गळ्यात पडतो. माझ्याही तसाच पडला. पुढे कायम झालो तरी मी तो सोडला नाही. त्यात त्याग वगैरे काही नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि कोपरगावच्या मुलांची मिळकत कशात जाते, खर्च कशावर होतो हे जेवढं त्या तासाला दिसतं तेवढं क्रमिक पुस्तकात दिसत नाही. मिळकत म्हणजे इथे रात्र.

वर्गातली झोप फळ्याकडून पाहावी. काही जण हनुवटीखाली मूठ लावून झोपतात. मूठ सटकली की दचकतात आणि शेजाऱ्याकडे असे रागाने बघतात, जणू त्यानेच ढकललं. काहींना मान ताठ ठेवून झोपण्याची विद्या साधलेली असते, त्यांची झोप फक्त पेनावरून कळते. सगळ्यांत सज्जन ते, जे झोपेत मान डोलावतात. नव्याने लागलेल्या प्राध्यापकाला वाटतं, आपलं म्हणणं पोरांना पटतंय.

एकदा वह्या तपासायला आणल्या होत्या. त्यातल्या एका वहीवर मी बराच वेळ थांबलो. मुलाने मागणीचा नियम लिहायला सुरुवात केली होती. ‘वस्तूची किंमत वाढली असता’ इथपर्यंत अक्षर टपोरं, शिरोरेषा सरळ. ‘तिची’ या शब्दातली दुसरी वेलांटी जरा लांबली होती. पुढच्या शब्दाचा नुसता म, त्याला लागून मुंगीएवढं काहीतरी, आणि तिथून एक निळी रेघ निघून डावीकडून उजवीकडे खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. पुस्तकातला मागणीचा वक्रही असाच घसरतो. मग चार बोटं जागा मोकळी, आणि पुन्हा तेच टपोरं अक्षर: ‘इतर परिस्थिती कायम असताना.’ मधला नियम गायब होता. मुलाला त्याचा पत्ता नव्हता, वही त्याने पूर्ण म्हणून दिली होती. काही सेकंदांच्या अशा झोपेला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. डोळे उघडे असतानाही ती येते आणि ज्याला येते त्याला ती आली हे कळत नाही. महामार्गावर मोठा अपघात झाला की आठवडाभर तिची चर्चा होते. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो, त्यामुळे डुलकीने काय होतं हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्गातल्या डुलकीने माणूस मरत नाही, एवढंच.

त्याची इतर परिस्थिती काय आहे, हे मी त्याला विचारलं.

“रात्री लाईट होती सर.”

शहरातल्या वाचकाला हे उत्तर उलटं वाटेल. लाईट नव्हती म्हणून झोप झाली नाही, असं त्याच्याकडे असतं. शेतीपंपाला थ्री फेज वीज काही तासच मिळते आणि तीही फिरत्या पाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची असली की ती येण्याची वाट बघत जागायचं आणि आली की मोटर टाकून दारं धरायला जायचं. बॅटरी, खोरं, पायात गमबूट. एक सरी भरेपर्यंत बांधावर बसायचं, भरली की तिचं दार बांधायचं, पुढचं फोडायचं. हे काम फार कष्टाचं नाही. कष्टाचं असतं तर परवडलं असतं, कारण कष्ट करताना माणूस जागा तरी राहतो. इथे दर थोड्या वेळाने उठावं लागतं आणि मधे करण्यासारखं काही नसतं. झोप एका सरीच्या मापाने मिळते. डोळा लागला आणि बांध फुटला तर पाणी शेजारच्याच्या कांद्यात जातं आणि सकाळी भांडण. शिवाय उसात बिबट्या आहे. तो दिसला किंवा नाही दिसला तरी तो आहे हे धरूनच बांधावर बसावं लागतं. हल्ली वडिलांऐवजी मुलाला पाठवतात, कारण वडिलांचे गुडघे गेलेले असतात किंवा त्यांना अंधारात दिसत नाही.

ज्यांच्याकडे कालव्याचं पाणी आहे त्यांचं निराळं. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे आमच्या तालुक्याला मिळाले आणि त्यांच्यावर इथला ऊस उभा राहिला. आवर्तन सुटलं की चारीवर पाळी लागते. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. विद्यापीठाची परीक्षा पुढे ढकलल्याची उदाहरणं आहेत, पाण्याची पाळी पुढे ढकलल्याचं एकही नाही.

पोरं मोबाइलमुळे जागतात, हे मलाही माहीत आहे. तेही खोटं नाही. रील संपत नाही, गेममध्ये मधूनच उठता येत नाही, आणि पडद्याच्या उजेडाने मेलाटोनिन हे झोप आणणारं द्रव्य दबतं, हे आता सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण एवढं बोलून पालकसभा संपते, म्हणून मला त्याचा कंटाळा आहे. तीन जणांत एक खोली घेऊन राहणाऱ्या किंवा एका पत्र्याखाली सहा माणसांत वाढणाऱ्या मुलाला स्वतःचा असा वेळ रात्री अकरानंतरच मिळतो. तो वेळ झोपेतून कापून घ्यावा लागतो कारण बाकी दिवसात कापण्यासारखं काही उरलेलंच नसतं. त्या वेळात तो ज्ञानेश्वरी वाचत नाही, हे खरं.

मुळात या गावाची रात्र झोपेसाठी कधी राखलेली नव्हती. दिवाळी सरली, गळीत हंगाम सुरू झाला की कोळपेवाडीच्या आणि संजीवनीच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर चालतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून गाणी कर्कश्श लावलेली. म्हणजे एका माणसाची झोप उडवण्यासाठी रस्त्याकाठच्या सगळ्या वस्त्यांची उडवायची. ऊसतोडीच्या कोप्यांवर पहाटे तीनलाच चुली पेटतात. नगर-मनमाड रस्त्यावरून शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या उन्हाच्या आत पोचायचं म्हणून रात्रीच्याच चालतात. शिर्डी इथून पंधरा किलोमीटर. तिथल्या लॉजच्या काउंटरवर रात्रपाळीला बसणारी, प्रसादाच्या दुकानात पहाटेपासून उभी राहणारी पोरं आमच्याच वर्गातली असतात. शेजारतीनंतर गर्दी ओसरते आणि काकड आरतीची रांग लागायला सुरुवात होते, या दोहोंच्या मधे जे काही मिळेल ती त्यांची झोप.

शिर्डीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. साईबाबांच्या झोपेची गोष्ट दाभोलकरांच्या साईसच्चरितात आहे. चार हात लांब आणि वीतभर रुंद अशी एक फळी बाबांनी चिंध्यांनी मशिदीच्या आढ्याला टांगली होती आणि ते त्यावर निजत. चढतात कसे, उतरतात कसे हे पाहायला लोकांची झुंबड उडू लागली तेव्हा त्यांनी फळीच मोडून टाकली. म्हाळसापती आणि तात्या कोते त्यांच्याजवळ मशिदीत निजत, तिघांची डोकी तीन दिशांना आणि पाय मधे एकमेकांना लागलेले, आणि तात्या घोरू लागले की बाबा त्यांना हलवून जागं करत. भाविक ही गोष्ट योगसामर्थ्याची म्हणून ऐकतात, त्यांनी तशीच ऐकावी. मला त्यात आपल्याकडच्या एका पक्क्या समजुतीचं मूळ दिसतं: जो झोपत नाही तो मोठा. अर्जुनाचं एक नाव गुडाकेश, म्हणजे झोप जिंकलेला. लक्ष्मण 14 वर्षं झोपला नाही. कुंभकर्ण झोपला तो राक्षस. मग इंजिनीअरिंगचं पोरगं व्हायवाच्या सकाळी लाल डोळ्यांनी “नाईट मारली” असं मिशीला पीळ दिल्यासारखं सांगतं, यात नवल काय? आठ तास झोपून आलो, असं छाती काढून सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

शाळेच्या भिंतीवर आदर्श विद्यार्थ्याची पाच लक्षणं लिहिलेली असायची, त्यांत एक श्वाननिद्रा. कुत्र्यासारखी सावध झोप, असा त्याचा अर्थ गुरुजी सांगत. कोपरगावच्या एस.टी. स्टँडवर जाऊन कुणी कुत्र्याची झोप नीट पाहिलेली नसावी. फलाटावर, बाकाखाली, गाडीच्या सावलीत तो दिवसभर झोपतो. सावध झोपतो हे कबूल, पण तुकड्यातुकड्यांनी का होईना, आमच्या पोरांपेक्षा कितीतरी जास्त झोपतो.

मरे जॉन्स या मेलबर्नच्या डॉक्टरांनी 1991 साली दिवसाची झोप मोजायची एक सोपी पट्टी काढली. एपवर्थ पट्टी. आठ प्रसंग दिलेले असतात आणि त्या प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, हे आपणच 0 ते 3 असं मांडायचं. बेरीज 24 पैकी. 10 च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं समजायचं. मी ती मराठीत उतरवून एका दुपारी वर्गात वाटली. तसाही तो तास झोपेतच जाणार होता.

पहिलीच अडचण कारची. तासभर कारमध्ये न चालवता बसलेले असताना, असा एक प्रश्न आहे.

“सर, कार नाही. एस.टी. चालेल का?”

चालेल म्हटलं.

“बसून का उभ्याने?”

उभ्याने प्रवास करताना झोप लागते का, हा प्रश्न जॉन्सच्या पट्टीत नाही. आमच्याकडे तो हवा होता, कारण सकाळच्या गाडीत दांड्याला धरून उभ्या उभ्या झोपणारी मुलं मी पाहिलेली आहेत, स्टँड आला की कंडक्टर त्यांना पाठीवर थाप मारून उतरवतो. ‘मद्य न घेता जेवणानंतर शांत बसलेले असताना’ यावर अपेक्षेप्रमाणे मागच्या बाकांवर हशा पिकला. मद्य घेऊन असेल तर वेगळा रकाना आहे का, असं एकाने विचारलं. आकडे मी जपून ठेवले नाहीत, ते काही संशोधन नव्हतं. एवढं आठवतं की 10 च्या आतली माणसं शोधावी लागली.

मात्र कागद गोळा करताना एक गोष्ट दिसली. एका प्रश्नासमोर बऱ्याच मुलींनी काहीच लिहिलं नव्हतं. प्रश्न असा: ‘परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा दुपारी आडवे झाले असताना.’ मला वाटलं, आडवं होणं या शब्दांची लाज. तसं नव्हतं. त्यांच्यातली एक, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “अनुकूल म्हणजे कधी सर? तशी नसतेच ना.”

मुलींची झोप वर्गात दिसत नाही, याचं कारण मला तिथे उमगलं. साडेसातच्या पहिल्या तासाला पोचायचं तर वस्तीवरून निघणाऱ्या मुलीला साडेपाचच्या आत भाकऱ्या आटोपाव्या लागतात. दुपारी घरी गेली की भांडी, जनावरं, संध्याकाळचं. घरातल्या माणसांच्या देखत दिवसा आडवी झालेली तरुण मुलगी हा आपल्याकडे आजारपणाचा विषय असतो, नाहीतर चर्चेचा. दिवसा डोळे मिटायचे नाहीत हे तिच्या अंगवळणी इतकं पडलेलं असतं की वर्गातही ते मिटत नाहीत. ती डोळे उघडे ठेवून बसते, अक्षर नीट काढते आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. मुलगा बाकावर डोकं टेकतो तेव्हा निदान त्याला कुणीतरी खडू मारतो.

त्या साडेसातच्या तासाबद्दलही बोललं पाहिजे. म्युनिकचे टिल रोनेबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी हजारो लोकांच्या झोपायच्या-उठायच्या वेळा गोळा केल्या आणि 2004 साली मांडलं की शरीराचं घड्याळ पौगंडावस्थेत पुढे पुढे सरकत जातं, विशीच्या सुमाराला सर्वांत उशिराचं होतं आणि तिथून पुन्हा मागे यायला लागतं. मुलींचं हे वळण मुलग्यांच्या थोडं आधी येतं. म्हणजे विशीतलं माणूस रात्री साडेदहाला अंथरुणावर पडूनही टक्क जागं असतं, यात नाठाळपणा नाही. आणि सकाळी साडेसातला ते वर्गात बसलेलं असलं तरी त्याच्या शरीरात अजून रात्र चाललेली असते. दुपारी जेवणानंतर येणाऱ्या गुंगीलाही आपण उगाच भाताला बोल लावतो. जेवण न घेतलेल्या माणसालाही त्या सुमाराला मंदी येतेच. ती घड्याळातच आहे. भात तिला हातभार लावतो इतकंच.

गंमत पाहा. राज्यपाल असताना रमेश बैस यांनी लहान मुलांची झोप होत नाही असं बोलून दाखवलं आणि 2024 च्या फेब्रुवारीत शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आत भरवायचे नाहीत. निर्णय चांगला आहे. पण सात-आठ वर्षांचं पोर नैसर्गिकरीत्याच लवकर उठतं. घरातली मोठी माणसं टीव्ही लावून बसतात म्हणून ते उशिरा झोपतं. ज्यांचं घड्याळ खरोखर उशिराचं आहे त्या विशीतल्या मुलांसाठी असं कुणी बोललं नाही. वेळापत्रकं पन्नाशीतले लोक बनवतात. पन्नाशीत पहाटे पाचला आपोआप जाग येते आणि माणसाला वाटतं हे आपलं चारित्र्य आहे.

कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदा करून हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवायला मनाई केली, हे मी एकदा बैठकीत सांगून पाहिलं. “मग एस.टी.चं काय करायचं?” असा प्रश्न आला आणि तो रास्त होता. पासवाल्या मुलांची गाडी ज्या वेळेला सुटते त्या वेळेला कॉलेज भरतं. आमचं जैविक घड्याळ आगारात ठरतं.

आयुर्वेद दिवसा झोपण्याच्या विरुद्ध आहे असं घरोघर सांगितलं जातं. विरुद्ध आहेच, उन्हाळा सोडून. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय जरा पुढेपर्यंत वाचला तर तिथे ज्यांना बाराही महिने दिवसा झोपायची मुभा आहे अशांची मोठी यादी सापडते. म्हातारे, लहान मुलं, अपचन झालेले, जखमी हे तर आहेतच. त्याशिवाय गाण्याने थकलेले, मद्याने थकलेले, ओझी वाहून आणि वाट चालून थकलेले. आणि त्याच यादीत, गाण्याच्या आणि मद्याच्या अगदी मधे, अध्ययनाने थकलेले. पुढे अजून एक नाजूक भेद केलाय. रात्रीच्या जागरणाने शरीरात रूक्षता वाढते, दिवसाच्या झोपेने स्निग्धता वाढते, पण बसल्या बसल्या घेतलेल्या डुलकीने दोन्ही होत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वैद्याने दुपारचा वर्ग पाहिलेला असणार. आमच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अध्याय क्रमांक लिहून घेतला. वर्षभरात न सांगता लिहून घेतलेली ही एकमेव गोष्ट.

इतिहासात शिरायचं तर दुपारच्या झोपेबद्दल कोपरगावची एक जुनी बाजू आहे, आणि ती काही अभिमानाची नाही. 30 ऑगस्ट 1773 च्या दुपारी शनिवारवाड्यात गारदी शिरले तेव्हा नारायणराव पेशवे वामकुक्षी घेत होते, असं सांगतात. ज्या काकांकडे ते धावले ते राघोबादादा शेवटी आमच्या गावात येऊन राहिले आणि 1783 साली इथेच वारले. त्यांचा वाडा गावात आहे. दादांना पुढे झोप कशी लागत असेल, असा प्रश्न मला तिथून जाताना पडतो.

त्यापेक्षा बेटातली गोष्ट बरी. गोदावरीकाठच्या बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कच संजीवनी विद्या शिकायला आला तो इथेच, अशी गावाची श्रद्धा. इथल्या कारखान्याला, 1983 मध्ये निघालेल्या इंजिनीअरिंग कॉलेजला संजीवनी हे नाव पडलं ते त्यातूनच. कचाला तीनदा मारलं आणि तीनदा जिवंत केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला पहिल्यांदा मारलं तेव्हा तो काय करत होता, हे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. तो गुरूच्या गाई राखत होता. शिकायला आलेला मुलगा, आणि काम गुरांचं. संध्याकाळी गाई परत आल्या, कच आला नाही. हे शुक्राचार्यांच्या लक्षात आलं नाही, देवयानीच्या आलं. विद्या वडिलांकडे होती, हजेरी तिने घेतली.

आमच्याकडे हजेरी नियमाने घेतली जाते. ‘यस सर’ झोपेतूनही म्हणता येतं, त्यामुळे ती पूर्ण भरते. हल्ली मी नाव पुकारल्यावर पुढे एक प्रश्न विचारतो, दिवसाची का रात्रीची? नव्या मुलांना तो कळायला दोन दिवस लागतात, वस्त्यांवरची मुलं लगेच उत्तर देतात. आता काही वाहिन्यांवर सौरऊर्जेमुळे दिवसा वीज मिळायला लागली आहे, ती मुलं वर्गात ओळखू येतात. बाकीच्यांचे मी हजेरीपटाच्या मागे दोन रकाने केले आहेत. त्यावरून मागच्या सत्रातली चाचणी ज्या आठवड्यात जास्तीत जास्त मुलांकडे दिवसाची लाईट असेल त्या आठवड्यात ठेवली आणि फळ्यावर तारीख लिहिली. मागच्या बाकावरून लगेच हात वर आला.

“सर, त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची आहे.”

“तुझा फीडर कुठला?”

त्याने सांगितलं. माझ्या दोन्ही रकान्यांत तो नव्हता.

“आणि सर, कालवाबी सुटणारे.”